रुंद चाकांची जिप्सी: एका थरथरीचा माग

गाडी माझ्या मामेभावाची. मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर पेट्रोल, कापडी हूड, साताऱ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून सेकंडहँड घेतलेली. मे महिन्याच्या एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"दादा, साठच्या पुढे गेलं की स्टीअरिंग इतकं थरथरतं की हात सुन्न होतात. आणि काल नीरेच्या अलीकडे पाण्यात चाक गेलं, तर गाडीने मला सरळ रस्त्याच्या खाली ओढलं. टायर खराब निघाले वाटतं."

टायर नवे होते, दोन महिन्यांचे. टायर खराब नव्हते. पण तिथपर्यंत पोहोचायला आम्हाला तीन रविवार लागले.

काय काय बदललं होतं

मूळ गाडीला २०५/७० आर१५ टायर (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिमचा व्यास १५ इंच) आणि साडेपाच इंच रुंदीची लोखंडी रिम. त्याने पुण्यातल्या एका दुकानातून २३५/७५ आर१५ मापाचे जाड गुठळ्यांचे मड टायर आणि आठ इंच रुंदीच्या अलॉय रिम बसवून घेतल्या. टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून दुकानदाराने लीफ स्प्रिंगच्या पाट्यांची शॅकल (पाट्याचं टोक चौकटीला जोडणारी झुलती पट्टी) लांब करून गाडी दोन इंच उचलून दिली. टायर मोठा म्हणून हवाही सढळ हाताने भरली, ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब).

म्हणजे एका दुपारी पाच गोष्टी बदलल्या: टायरची रुंदी, टायरची उंची, रिमची रुंदी आणि तिचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती सरकलेलं ते), सस्पेन्शनची भूमिती, हवेचा दाब. वजन सहावं, ते आपोआप आलं. डोळ्यांना दिसत होती फक्त रुंदी, म्हणून दोषही रुंदीलाच. मला या प्रकरणात सगळ्यात बोधक वाटलं ते हेच, की आम्ही दोघंही पहिला दीड आठवडा टायरकडेच बघत होतो.

त्या रविवारी झालं काय

म्हसवडला त्याच्या सासऱ्यांचं शेत आहे. माणगंगा उन्हाळ्यात कोरडी ठाक, पात्रात वाळू. नव्या टायरची हौस तिथे फेडायची म्हणून त्याने हवा १५ पर्यंत उतरवली आणि दिवसभर वाळूत मजेत गाडी फिरवली. येताना फलटणला हवा भरायची होती, पंपावरचं यंत्र बंद. पुढे भरू म्हणून निघाला. लोणंदच्या पुढे वळवाचा पाऊस गाठ पडला. रस्त्याच्या डाव्या कडेला पाणी साठलेलं, वेग काट्यावर साठ, डावं पुढचं चाक त्या पाण्यात गेलं आणि स्टीअरिंग हातातून हिसकलं गेलं. गाडी साइडपट्टी ओलांडून मुरुमावर उतरली आणि थांबली. कोणाला लागलं नाही.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या आहेत, त्या सोडवून बघू.

पहिली पाण्याची. टायर पाण्यावर तरंगायला कोणत्या वेगाला लागतो, याचं एक जुनं ठोकताळ्याचं सूत्र आहे. अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांसाठी काढलेलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये (तासाला सागरी मैल). ताशी किलोमीटरमध्ये हवं असेल तर ९ ऐवजी साधारण १६.७ ने गुणा. २४ दाबाला ८२ किलोमीटर येतात, १५ दाबाला ६५. हे गुळगुळीत टायरचं गणित आहे, खोल खाचांचा मड टायर त्याहून बरा वागतो. पण रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तेव्हा तो फायदा बराचसा तिकडे खर्ची पडतो. त्यात काट्यावरचे साठ हे खरे साठ नव्हतेच. जुन्या टायरचा व्यास ६६८ मिमी, नव्याचा ७३३. चाक जवळपास १० टक्के मोठं, काटा मात्र जुन्या चाकाच्या हिशेबाने चालतो. काटा साठ म्हणतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते. म्हणजे भावाची गाडी त्या डबक्यात गेली ती नेमकी ज्या वेगाला जायला नको होती त्या वेगाने.

दुसरी गोष्ट ओढण्याची. चाक तरंगलं तर गाडी सैल पडायला हवी, स्टीअरिंग हिसकायचं कारण काय? त्याचं उत्तर रिममध्ये निघालं. ते पुढे.

खडूची रेघ

पहिल्या रविवारी आम्ही फक्त हवेवर काम केलं, कारण ते फुकट होतं. पद्धत अशी: सपाट सिमेंटवर गाडी उभी करायची, टायरच्या गुठळ्यांवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, गाडी सरळ दहा-बारा फूट ढकलायची आणि खडू कुठे पुसला गेला ते बघायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन प्रौढ माणसं गाडी पुढे-मागे ढकलताहेत हे बघायला वरच्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

३५ दाबाला रेघ मधेच पुसली गेली, जेमतेम चार बोटं. दोन्ही कडांचा खडू जसाच्या तसा. २३५ रुंदीचा टायर घेतला आणि रस्त्याला टेकत होता तो जुन्या टायरपेक्षाही कमी! २८ ला थोडी सुधारणा. २४ ला खडू जवळजवळ सगळा गेला. २० ला कडा जास्त पुसल्या, मध्ये फिका खडू राहिला. आम्ही २४ वर थांबलो.

याचं गणित सोपं आहे आणि टायर विकताना कोणी सांगत नाही. जिप्सी साधारण एक टन. दोन माणसं आणि सामान धरून बाराशे किलो, म्हणजे चाकामागे तीनशे. ते वजन मुख्यतः हवेवर उभं असतं, म्हणून जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ वजन भागिले दाब. ३५ ला सुमारे १२० चौरस सेंटिमीटर, २४ ला १८० च्या आसपास, १५ ला २८०. टायरच्या अंगचा ताठपणा थोडं वजन पेलतो, तेव्हा आकडे हुबेहूब जुळत नाहीत. पण मुद्दा कळतो: टेकण्याचं क्षेत्रफळ हवा ठरवते, रुंदी त्याचा फक्त आकार ठरवते. तोच ठसा अरुंद टायरमध्ये लांबोडका पडतो, रुंद टायरमध्ये आडवा.

हवा २४ केली. गाडीचं उड्या मारणं थांबलं, ब्रेक बरा लागायला लागला. थरथर तशीच. फक्त साठऐवजी पासष्टला सुरू व्हायची.

शॅकल आणि मिस्त्रींचा डँपर

दुसऱ्या रविवारी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीकडे झुकलेलं, आयुष्य जिप्स्यांमध्ये गेलेलं. त्यांनी पुढचं चाक जॅकवर घेतलं, वरून-खालून धरून हलवलं आणि म्हणाले, "किंगपिनला प्ले आहे साहेब. शिम काढून बसवू. आणि एक स्टीअरिंग डँपर टाका, हलणं बंद होईल."

किंगपिनचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. जिप्सीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे, चाक वरच्या आणि खालच्या किंगपिनवर वळतं, आणि त्या बेअरिंगमधला ताण शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, काढून-घालून जमवतात. तो ताण गेला की ही गाडी थरथरते, हे जिप्सीवाल्यांना नवं नाही. डँपरला मात्र मी नाही म्हटलं. गाडीची चूक सुधारण्याचं नव्हे, त्या चुकीचा फक्त आवाज बंद करण्याचं ते काम आहे. आधी कारण हातात आलं पाहिजे.

शिम जमवल्या आणि लांब शॅकल काढून जुन्या बसवल्या. शॅकल का, तर जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल किंचित पुढे वाकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल. सायकलचं हँडल सोडलं तरी ती सरळ चालते त्यात त्या कलाचाही वाटा असतो. तो कमी झाला की स्टीअरिंग वळणानंतर आपणहून मागे येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी दारू प्यायल्यासारखी इकडेतिकडे शोधत जाते. भावाची ही तक्रार नव्हतीच, कारण त्याला वाटत होतं की जाड टायरच्या गाड्या अशाच चालतात.

शॅकल बदलल्यावर गाडी सरळ चालू लागली. टायर पूर्ण वळवल्यावर पाट्याला घासायला लागले, ते सोसलं. थरथर निम्मी. पाण्यातलं ओढणं? एका रिकाम्या रस्त्यावर डाव्या कडेची चाकं मुद्दाम मऊ मुरुमावर उतरवून बघितली. तसंच हिसकत होतं.

रिमची पाठ

मग रिम खाली काढून उलटी ठेवली. रिमच्या आतल्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाकायची आणि तिथपासून रिम जिथे हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं. याला बॅकस्पेसिंग म्हणतात. जुनी लोखंडी रिम: ९० मिमी. नवी अलॉय: ९० मिमी. मी दोनदा मोजलं, कारण रिम अडीच इंचाने रुंद आणि माप तेच.

तर सगळं तिथे होतं. आतली कड जिथल्या तिथे, वाढलेली अडीच इंच सगळीच्या सगळी बाहेर. चाकाची मध्यरेषा प्रत्येक बाजूला ३२ मिमी बाहेर सरकली होती.

याचा अर्थ कळायला घराचं दार घ्या. बिजागरीजवळ बोट लावून ढकललं तर दार हलत नाही, कडेला लावलं की सहज फिरतं. किंगपिन ही चाकाची बिजागरी. तिची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला एका बिंदूत टेकते. टायरच्या ठशाचा मध्य त्या बिंदूपासून जितका बाहेर, तितका रस्त्याचा प्रत्येक धक्का चाकाला वळवू पाहतो. दोन्ही चाकांना सारखा धक्का बसला तर ते एकमेकांना तोलतात. एकालाच बसला, समजा डावं चाक पाण्यात गेलं, तर स्टीअरिंग डावीकडे ओढलं जातं. आम्ही वरच्या-खालच्या किंगपिनवरून दोरी ताणून जमिनीवर खूण केली: अंतर २७ मिमीने वाढलेलं. ३२ नाही, कारण मोठ्या टायरमुळे ॲक्सल वर गेला आणि किंगपिन तिरकी असल्याने तिची रेघही जमिनीवर थोडी बाहेर टेकली. जिप्सी किंगला पॉवर स्टीअरिंग नाही, तेव्हा हे सगळं थेट मनगटात येतं.

त्यात वजन. गल्लीत आलेल्या भंगारवाल्याच्या काट्यावर जुनं चाक १८ किलो भरलं, नवं २७. त्याने आशेने विचारलं, देताय का? दीडपट वजन आणि त्यात मोठी त्रिज्या, त्यामुळे फिरत्या चाकाचं जडत्व जवळपास पावणेदोन पट. एवढं जड चाक, लांब तरफेवर, थोड्या सैल किंगपिनवर टांगलेलं. थरथर झाली नसती तरच नवल.

तिसऱ्या रविवारी शेवटची शहानिशा केली. एका ओळखीच्या माणसाकडून पुढच्या चाकांपुरत्या दोन सात इंची रिम मिळाल्या, ज्यांत मध्यरेषा फक्त १० मिमी बाहेर जात होती. टायर तेच, २३५ चे. बाकी काही बदललं नाही. थरथर ऐंशीपर्यंत आली नाही. मुरुमावर उतरवली तर स्टीअरिंग ओढत होतं, पण एका हाताने धरता येत होतं. टायर निर्दोष सुटला.

रुंद गाडी उलटत नाही म्हणे

भावाचा एक मुद्दा राहिला होता: "बाहेर काढलेल्या चाकांनी गाडी स्थिर तरी झाली ना?"

जिप्सीच्या बाबतीत हा प्रश्न जुना आहे. १९८५ साली आलेली मूळ एमजी४१० अरुंद होती, पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १२१० मिमी. १९९३ मध्ये मारुतीने ते ९० मिमीने वाढवून १३०० केलं आणि नावात डब्ल्यू आला, म्हणजे वाइड. याच कुळातल्या सुझुकी सामुराईवरून अमेरिकेत १९८८ मध्ये मोठा वाद झाला. कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने ती उलटते म्हणून 'अस्वीकारार्ह' ठरवली, सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला.

हिशेब आमच्या गाडीचा करू. स्थिरतेचा एक साधा निर्देशांक आहे: चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. पुढचं-मागचं सरासरी अंतर १३०५, उंची अंदाजे ६५० मिमी धरली तर १.००४. नव्या चाकांनी अंतर ६४ ने वाढलं, १३६९. पण टायर मोठा झाल्याने अख्खी गाडी ३३ मिमी वर गेली. १३६९ भागिले १३६६, म्हणजे १.००२. रुंदीने जे दिलं ते उंचीने तिथल्या तिथे परत घेतलं. त्यावर शॅकलचे दोन इंच मिळवा, निर्देशांक ०.९५ च्या खाली. दिसायला ती गाडी मांडी घालून बसल्यासारखी भक्कम, प्रत्यक्षात मूळ गाडीपेक्षा लवकर कलंडणारी.

आणि १९९३ मधल्या त्या बदलात ॲक्सलच रुंद केला होता. किंगपिन चाकाबरोबर बाहेर गेली, बिजागरी आणि दार दोन्ही सरकले, त्यामुळे मनगटाला काही कळलं नाही. रिम बाहेर काढणं आणि ॲक्सल रुंद करणं यांनी मापपट्टीवर एकच आकडा येतो, रस्त्यावर नाही.

वाळू, माती, दगड

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, दोन्ही संच घेऊन म्हसवडला गेलो. पात्रातली तीच जागा, तोच उतार.

२०५ चे टायर, हवा २४: गाडी बारा-पंधरा फुटांवर रुतली. २३५, हवा २४: वीसेक फूट, मग रुतली. २०५, हवा १२: आरपार. २३५, हवा १५: आरपार, आणि इंजिनाला कमी जोर लागला. वाळूत चाक स्वतःपुढे वाळूचा बांध उभा करतं आणि तोच चढत बसतं. हवा कमी केली की ठसा लांब होतो, चाक बुडत नाही, बांध लहान राहतो. रुंद टायरचा खरा उपयोग असा की १५ वरही तो रिमवरून सुटायची भीती कमी आणि ठसा दोन्ही अंगांनी पसरतो. फायदा आहेच. पण रुंदी न घेता हवा काढली असती तरी नव्वद टक्के काम झालं असतं, असं मी तिथे म्हटलं आणि भाऊ बराच वेळ गप्प बसला.

सासऱ्यांच्या शेताकडे जाणारी वाट मात्र रुंद टायरला अजिबात मानवली नाही. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी पाडलेली खरीखुरी चाकोरी, वीतभर रुंद. २०५ चा टायर तीत नीट बसतो आणि गाडी आपोआप चालत राहते. २३५ चा टायर एका कडेवर चढतो, घसरतो, परत चढतो. काळ्या मातीत त्या दिवशी ओल नव्हती, पण मागच्या पावसाळ्याचा अनुभव आहे: ती माती गुठळ्यांच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत लगदा होतो. अरुंद टायर निदान चिखल कापून खालच्या टणक थराला तरी लागतो. दगडधोंड्यांत उंच टायरचा फायदा निखळ. डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) जमिनीपासून वर उचलण्याचा तोच एक सोपा मार्ग, शॅकलने शरीर वर जातं, ॲक्सल तिथेच.

इंजिनाचं दोन ओळींत: १०३ न्यूटन-मीटरचं इंजिन, चाक १० टक्के मोठं, म्हणून रस्त्याला लागणारा जोर नऊ टक्क्यांनी कमी. दिवे घाट जो तिसऱ्यात चढायचा तो दुसऱ्यात. ब्रेकचंही तेच, लांब तरफेवर तेवढाच पॅड.

शेवटी काय बसवलं

साडेपाच इंची मूळ रिम, त्यांवर २१५/७५ आर१५, ऑल टेरेन. व्यास ७०३ मिमी, म्हणजे ॲक्सल १८ मिमी वर, काट्यात पाच टक्क्यांची चूक. शॅकल मूळच्या, किंगपिन नव्या बेअरिंगसह, टो-इन, म्हणजे पुढची चाकं किंचित आत वळलेली असण्याचं माप, परत जमवलं. हवा रस्त्यावर २४, वाळूत १४, आणि गाडीत बारा व्होल्टचा हवेचा पंप कायमचा. टायरचं हे मापही मूळ मापापेक्षा वेगळंच आहे, हे त्याला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं आहे. मडगार्डबाहेर आलेली चाकं घेऊन विमा कंपनीसमोर उभं राहण्यापेक्षा हे बरं, एवढंच मी म्हणेन.

गाडी आता नव्वदला शांत आहे. भावाची एकच कुरकुर: "बारीक दिसते रे, आजारातून उठल्यासारखी."

अलॉय रिम त्याने विकायला काढल्या आहेत. फोन बरेच येतात. तो किमतीआधी समोरच्याला विचारतो, "तुमची बॅकस्पेसिंग किती आहे?" आतापर्यंत तिघांनी तेवढ्यावर फोन ठेवला आहे.